नट उघडलाच आहे, तर सगळं ऑइल जाऊ द्या

शंका-समाधान : दुचाकी

पावसाळ्यात येणाऱ्या पत्रांमध्ये गंज, ब्रेक आणि सकाळी चालू न होणाऱ्या गाड्या यांचीच भरती असते. या खेपेला मात्र ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यातून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आलाय : दोन सर्व्हिसिंगच्या मधे थोडं ऑइल काढून तेवढंच नवं टाकावं का? कुणी याला ‘अर्धं ऑइल’ म्हणतं, कुणी ‘टॉप-अप’. प्रश्न इंजिनच्या आयुष्याचा आहे आणि चुकीचा सल्ला झपाट्याने पसरतोय, म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देतो.

शंका : सर, मी घोडबंदर रोडला पार्सल पोचवायचं काम करतो. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत दिवसभर फिरणं, रोजचे ८०-९० किलोमीटर होतात. गाडी १०० सीसीची. आमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं की दर हजार किलोमीटरला ३०० मिली ऑइल काढायचं आणि तेवढंच नवं टाकायचं. ऑइल कधी जुनं होतच नाही आणि एकदम मोठा खर्चही येत नाही. सोबतची पोरं तसंच करतात. बरोबर आहे का?

समाधान : नाही, बरोबर नाही. तुमचे पैसे वाचावेत असंच त्या गॅरेजवाल्याला वाटत असणार, पण हिशेब चुकलाय. कागद घ्या आणि माझ्याबरोबर मांडून बघा.

समजा गाडीत १ लिटर ऑइल मावतं आणि आज सगळं कोरं टाकलं. हजार किलोमीटर झाले की त्या ऑइलचं वय १,०००. आता ३०० मिली काढून ३०० मिली नवं टाकलं. आत ७०० मिली जुनं, ३०० मिली कोरं, म्हणजे सरासरी वय ७००. पुढच्या हजाराला ते १,७०० होतं, बदलल्यावर १,१९०. त्याच्या पुढच्या हजाराला २,१९०, बदलल्यावर साधारण १,५३०. असं चढत चढत ते एका जागी येऊन थांबतं : बदलण्याआधी सुमारे ३,३०० आणि बदलल्यावर सुमारे २,३००. तिथून पुढे कायम तेच. कुठल्याही दिवशी आत सरासरी २,८०० किलोमीटर चाललेलं ऑइल सापडेल.

आता दुसरी रीत. दर ३,००० किलोमीटरला अख्खं लिटर बदला. ऑइलचं वय शून्यापासून ३,००० पर्यंत जातं आणि पुन्हा शून्यावर येतं, सरासरी १,५००. खर्च बघा : तुमच्या रीतीत ३,००० किलोमीटरला ९०० मिली लागतं, या रीतीत १,००० मिली. फरक फक्त १०० मिलीचा, आणि तेवढ्यासाठी तुमचं इंजिन जवळजवळ दुप्पट वयाच्या ऑइलवर राबतंय. गॅरेजवाला म्हणतो ऑइल कधी जुनं होत नाही. खरं तर ते कधी नवंच होत नाही.

हा आकड्यांचा भाग झाला. त्या ७०० मिलीत काय काय असतं तेही बघा. ऑइल काळं झालं म्हणून आपण बदलत नाही. काळं होणं म्हणजे त्यातलं डिटर्जंट काजळी धुऊन आपल्यात घेतंय, ते त्याचं कामच आहे. बिघडतात त्या गोष्टी निराळ्या. मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल असतं. ऑइल तापल्यावरही त्याचा जाडपणा टिकावा म्हणून त्यात लांब साखळीचे रेणू घातलेले असतात. गिअरचे दात तेच रेणू तोडत राहतात. ते तुटले की ऑइल पातळ पडतं आणि ते सगळ्यात आधी तुमच्या डाव्या पायाला कळतं. गिअर अडखळत पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. शिवाय क्लच प्लेटची झीज, रिंगमधून खाली उतरलेलं पेट्रोल, हवेतली ओल आणि ऑइल तापून तापून तयार झालेली आम्लं, सगळं त्याच लिटरभरात साठतं. आम्लं मारायला कंपनी जी रसायनं घालते ती मोजकी असतात. जुन्या ७०० मिलीत कोरं ३०० मिली ओतलं की नव्यातली ही रसायनं पहिल्या दिवसापासून जुन्याची घाण निस्तरण्यात संपू लागतात. आत राहिलेलं जुनं ऑइल विरजणाचं काम करतं.

तुमच्या १०० सीसीच्या गाडीत बहुतेक कागदी फिल्टर नसणार. या इंजिनांत खाली एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला गरगर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. जड कचरा त्या फिल्टरच्या कडेला जाऊन बसतो. बारीक कचरा मात्र ऑइलमध्येच तरंगत राहतो आणि त्याला बाहेर पडायला एकच वाट आहे, ऑइलबरोबर. पूर्ण ऑइल बदललं तरी कानाकोपऱ्यांत शंभर-दीडशे मिली जुनं चिकटून राहतंच. म्हणून तर पुस्तिकेत ऑइलचे दोन आकडे देतात, इंजिन खोललं असेल तर जास्त आणि नुसतं ऑइल बदलायचं असेल तर थोडा कमी. एवढं तर राहणारच. त्यात आपण होऊन आणखी का ठेवायचं?

आता नटाकडे या. ऑइलचा नट पोलादी, आणि तो ज्या चेंबरमध्ये बसतो तो ॲल्युमिनियमचा. मधे एक पातळ वायसर असतो. नट आवळला की वायसर चेपतो आणि ऑइल अडवतो. एकदा चेपलेला वायसर दुसऱ्यांदा तसा चेपत नाही, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. पण ३०० मिलीच्या किरकोळ कामात वायसर कोण बदलतो? जुनाच परत लागतो, दोन दिवसांनी नटाखाली थेंब दिसतो, मग पान्यावर पाय देऊन आवळतात. असं दर महिन्याला दोनदा झालं की एक दिवस नट सोडवताना त्याला गुंडाळून बारीक चकचकीत तार बाहेर येते. ती तार म्हणजे चेंबरचे आटे. तुमच्या रीतीत हा नट तिप्पट वेळा उघडला जातो. आणि ३०० मिली काढणार कसं? गरम ऑइलची धार चालू असताना बोटांनी नट परत लावायचा. हात भाजतो, अंदाज चुकतो, कधी २०० निघतं, कधी ४००. त्यावर डोळे मिटून ३०० ओतलं की पातळीचाही भरवसा राहत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नका, इंजिन किती तास चाललं ते धरा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या सरासरीने ३,००० किलोमीटर म्हणजे ७५ तास. कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ इथल्या कोंडीतून तुमची सरासरी १५ पडत असेल, तर तेच ३,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. त्यात सोसायटीच्या गेटवर गाडी चालू ठेवून उभं राहिलात तो वेळ निराळाच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला उभ्या गाडीत वारा लागत नाही, ऑइल तापतं ते तेव्हाच. म्हणून पुस्तिकेत ३,००० लिहिलं असेल तर तुम्ही २,००० ते २,५०० ला पूर्ण बदला. तुमच्या धावण्याला ते महिन्यातून एकदा येतं. ६,००० लिहिलं असेल तर ३,००० च्या पुढे जाऊ नका. शिफारस केलेल्या ग्रेडचं साधं मिनरल ऑइल वेळेवर आणि पूर्ण बदललंत तर तुमच्या कामाला पुरेसं आहे. महागड्या ऑइलमागे जाऊ नका. जे पैसे घालायचे ते वेळेवर बदलण्यात घाला.

आणि टॉप-अपबद्दल. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत ‘३,००० ला टॉप-अप, ६,००० ला बदल’ असं लिहिलेलं असतं. अर्ध्या ऑइलची ही पद्धत बहुधा तिथूनच निघाली. टॉप-अप म्हणजे काही काढायचं नाही. पातळी बघायची आणि कमी असेल तेवढंच भरायचं. पातळी बघताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर हवी. तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून आत टाका. बऱ्याच गाड्यांत ती न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते, तुमच्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते बघा. हे दर रविवारी करा. एवढ्या धावणाऱ्या गाडीत ऑइल थोडंफार जळतं आणि ते कळायला दुसरा मार्ग नाही.

शंका : पलावात राहतो, तळोजा एमआयडीसीत नोकरी. ३५० सीसीची गाडी, दोन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, तेही महागाचं सिंथेटिक. कंपनी १०,००० किलोमीटर सांगते. मन मानत नाही, म्हणून ५,००० ला निम्मं ऑइल पिचकारीने वरून खेचून काढावं आणि नवं भरावं असा विचार आहे. नट उघडायचाच नाही, म्हणजे आट्यांचाही प्रश्न नाही.

समाधान : तुमचा प्रस्ताव पहिल्या पत्रापेक्षा बरा आहे. ५,००० ला निम्मं बदललंत तर १०,००० ला ऑइलचं सरासरी वय १०,००० ऐवजी ७,५०० असेल. फायदा आहे, नाही असं नाही. पण पिचकारी वरच्या थरातलं ऑइल खेचते, आणि जड कचरा तळाशी बसलेला असतो. म्हणजे त्यातल्या त्यात स्वच्छ ऑइल तुम्ही बाहेर काढता आणि गाळ आत ठेवता. तुमच्या गाडीत कागदी फिल्टर आहे, तोही तसाच राहतो.

मन मानत नसेल तर ७,००० ला ऑइल आणि फिल्टर दोन्ही पूर्ण बदला. कल्याण-शिळ रोडवरची तुमची रोजची कोंडी बघता हे मला पटतं. वर्षाला एखाद-दुसरं जास्तीचं सर्व्हिसिंग पडेल, तेवढंच. एक काळजी घ्या : निम्मं सिंथेटिक आणि निम्मं मिनरल असं करू नका. एकत्र आल्याने काही फाटत नाही, वाटेत ऑइल कमी पडलं तर मिळेल ते त्याच ग्रेडचं टाकून घरी या. पण रोजच्या वापरात ती भेसळ म्हणजे सिंथेटिकचे पैसे देऊन मिनरलचं आयुष्य घेणं. डब्यावरचा १५डब्ल्यू-५० सारखा आकडा मात्र कधीही बदलू नका.

शंका : मी बँकेत नोकरीला आहे. डोंबिवली पश्चिमेला घर, स्टेशन दोन किलोमीटरवर. सकाळी गाडी स्टेशनच्या पार्किंगला लावायची, रात्री घरी आणायची. वर्षाला गाडी १,५०० किलोमीटरसुद्धा होत नाही. परवा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या सायीसारखा पिवळट थर. मेकॅनिक म्हणाला, ऑइलमध्ये पाणी गेलंय, थोडं बदलून टाकू. पण गाडी कधी पाण्यात गेलेलीच नाही.

समाधान : या पट्ट्यातल्या लाखो गाड्या अशाच आहेत, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर. मालक समजतात की गाडी कमी चालते म्हणजे इंजिन सुखात आहे. प्रत्यक्षात ऑइलचे सगळ्यात जास्त हाल याच वापरात होतात.

पाणी बाहेरून आलेलं नाही, इंजिननेच ते तयार केलंय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं म्हणून आपल्याला दिसत नाही. त्यातली थोडी वाफ रिंगच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतेच. इंजिन नीट तापलेलं असेल तर ऑइलमधून ती पुन्हा उडून जाते. दोन किलोमीटरमध्ये, सहा-सात मिनिटांत, सिलिंडर हाताला गरम लागतो पण खालचं ऑइल कोमटच राहतं. वाफ थंड झाकणाला भेटते, पाणी होते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि तो सायीसारखा थर बनतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. इंजिन थंड असताना न जळलेल्या पेट्रोलचा काही भागही ऑइलमध्ये उतरतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे सगळं वाढतं.

तर मग उपाय. थोडं ऑइल बदलून पाणी थोडं कमी होईल आणि आठवड्यात परत तेवढंच होईल. एकदा पूर्ण बदला, झाकण आणि डिपस्टिक कोरड्या फडक्याने पुसा. मग दर रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना काटई नाका, शिळफाटा करत महापेपर्यंत जाऊन या. अर्धा-पाऊण तास सलग चालली की ऑइल खरं तापतं आणि ओल निघून जाते. जागच्या जागी गाडी चालू ठेवून हा परिणाम मिळत नाही, उलट थंड इंजिनात आणखी पेट्रोल उतरतं. तुमच्यासाठी किलोमीटरचा आकडा निरुपयोगी आहे, कॅलेंडर बघा. दर सहा महिन्यांनी पूर्ण ऑइल, त्यातलं एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. तुमची गाडी हवेवर थंड होणारी असेल असं धरून हे लिहिलंय. कूलंटवाली असेल तर सायीचा अर्थ गॅसकेट किंवा पंपाचं सील गेलं असाही होऊ शकतो. कूलंटच्या बाटलीची पातळी उतरतेय का ते आधी बघा, आणि उतरत असेल तर गाडी चालवू नका.

शंका : कल्याण पूर्वेहून लिहितोय. कार्बोरेटरची जुनी गाडी. काहीही न टाकता डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतंय. वरचं जास्तीचं तेवढं काढून टाकू का?

समाधान : डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरचा फ्लोट किंवा नीडल अडकून पेट्रोल इंजिनात उतरतंय. जास्तीचं काढलंत तर पातळी बरोबर दिसेल आणि आत पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल राहील. त्याच्यावर चालवलेल्या इंजिनाचं बेअरिंग लवकर जातं. आधी पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटर दुरुस्त करून घ्या, मग ऑइल सगळं काढा. क्रम उलटा केलात तर नवं ऑइलही वाया जाईल. वास येत नसेल आणि मागच्या सर्व्हिसिंगलाच जास्त भरलं गेलं असेल, तर जास्तीचं काढणं योग्य. थोडं ऑइल काढावं असा हा एकच प्रसंग मला मान्य आहे.

शंका : वालधुनीला पाणी चढलं तेव्हा पार्किंगमधली गाडी सीटपर्यंत बुडाली. रात्रभर तशीच होती. शेजारच्या दादाने नट थोडा ढिला केला, आधी पाणी आलं, मग ऑइल यायला लागलं तसा त्याने नट बंद केला. म्हणाला, पाणी सगळं गेलं, आता वरून थोडं ऑइल टाक आणि चालू कर. अजून चालू केलेली नाही.

समाधान : चालू केली नाहीत हे फार चांगलं केलंत. अजूनही बटण दाबू नका, किक मारू नका. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलूही नका.

शेजाऱ्याने जे पाहिलं ते खरं होतं. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभर गाडी हलली नाही म्हणून ते तळाशी बसलं आणि आधी बाहेर आलं. पण सगळं गेलं नाही. क्लचच्या कप्प्यात, गिअरच्या खोबणींत, पंपाच्या नळीत ते थेंबाथेंबाने अडकलेलं असतं. आणि पाणी सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते नटातून बाहेर येतच नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

बॅटरीची तार काढा. प्लग काढा. एअर फिल्टर बाहेर काढा, कागदी असेल तर टाकून द्या. नट पूर्ण उघडा आणि ऑइल तासभर निथळू द्या. प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमधलं पाणी मेकॅनिककडून काढून घ्या. मग स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल पूर्ण भरा, प्लग लावायच्या आधी हळूहळू किक मारून इंजिन मोकळं फिरतंय का बघा, मग चालू करून चार-पाच मिनिटं आयडलला ठेवा. ते सगळं काढा. दुधाळ निघालं तर पुन्हा भरा, पुन्हा काढा. बहुधा दोन-तीन वेळा करावं लागतं. काढलेलं ऑइल काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघा, स्वच्छ दिसलं की शेवटचं चांगलं ऑइल भरा आणि ३००-५०० किलोमीटरला तेही एकदा बदला. यातलं प्रत्येक बदलणं पूर्ण असलं पाहिजे, इथे काटकसर करू नका. कल्याणच्या खाडीला भरती असताना चढलेलं पाणी खारंही असतं. ते बेअरिंगवर राहिलं तर गंज थांबत नाही. ब्रेकचे पॅड आणि चाकांची बेअरिंगही तपासून घ्या. विम्याचा दावा करायचा असेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. पाण्यात बुडलेलं इंजिन चालू केल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बऱ्याचदा धरत नाहीत.

शंका : दादा, मी ठाण्यात नौपाड्याला राहते, स्कूटर आहे. ह्यांच्या मोटरसायकलचं पाव बाटली ऑइल उरलं होतं, ते मेकॅनिकने माझ्या स्कूटरला टाकलं. चालेल का?

समाधान : ग्रेड तोच असेल तर काळजी नको ताई. बाटलीच्या मागे ‘जासो’ असं लिहिलेलं असतं. त्यापुढे एमए किंवा एमए२ असेल तर ते मोटरसायकलचं, एमबी असेल तर स्कूटरचं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, ऑइलमध्ये बुडालेला नसतो. त्यामुळे मोटरसायकलच्या ऑइलने बिघडत काही नाही, मायलेज किंचित कमी पडेल. उलटं मात्र होऊ देऊ नका. एमबी ऑइल जास्त गुळगुळीत असतं, ते मोटरसायकलमध्ये टाकलं तर क्लच स्लिप होतो. तुमच्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ शंभर-सव्वाशे मिली गिअर ऑइल वेगळं असतं. त्याची आठवण बहुतेक गॅरेजांत कुणी काढत नाही. तुम्ही विचारा.

शंका : यामाहा आरएक्स १०० जपून ठेवली आहे. हिच्या गिअर ऑइललाही हाच नियम?

समाधान : हाच. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनला लागणारं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, त्यामुळे गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये काजळी उतरत नाही आणि ते बराच काळ स्वच्छ दिसतं. दिसण्यावर जाऊ नका. क्लचची भुकटी आणि गिअरचा चुरा त्यात असतोच. वर्षातून एकदा पूर्ण बदला. काढलेलं ऑइल घातलेल्यापेक्षा बरंच कमी निघालं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर जास्त येत असेल, तर क्रँकचं ऑइल सील गेलंय.

शंका : टिटवाळ्याला स्वतःच ऑइल बदलतो. काढलेलं ऑइल चेनला लावतो, उरलेलं सोसायटीच्या मागच्या गटारात. योग्य?

समाधान : दोन्ही बंद करा, ही कळकळीची विनंती. त्या ऑइलमध्ये धातूचा चुरा आहे, तो चेनच्या रोलरमध्ये जाऊन घासत राहतो आणि रस्त्यावरची धूळ वर चिकटते. चेनला चेनचंच ऑइल लावा, तेही आधी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून.

गटाराचं तर बोलायलाच नको. टिटवाळ्याचं गटार काळू आणि उल्हास नद्यांकडे जातं, आणि उल्हासचं पाणी या सगळ्या पट्ट्यातली माणसं पितात. जुनं ऑइल पाण्यावर पातळ थर होऊन पसरतं आणि खालच्या पाण्याला हवा मिळू देत नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यातच धरलंय. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. एकट्या माणसाला तिथपर्यंत जायची गरज नाही. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात ते भरा, झाकण घट्ट लावा, वर ‘जुनं ऑइल’ असं लिहा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. त्यांच्याकडे पिंप असतं आणि ते उचलायला माणूस येतो. बांधकामावर फळ्यांना लावायला कुणी मागितलं तरी देऊ नका. त्यात पाणी, ब्रेक फ्लुइड किंवा पेट्रोल मिसळू नका, नाहीतर तो डबा कुणी घेणार नाही. काढताना हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहणं धोक्याचं असतं, आणि घरी करणारे नेमके उघड्या हातांनी करतात. दोन-तीन महिन्यांचं ऑइल साठवून एकदम नेलं तरी चालेल, फक्त डबा उन्हात आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका.